उसन्या यादीवरची निवडणूक



१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या इतर २८ महानगरपालिकांबरोबर पनवेल महानगरपालिकेसाठी मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी मतमोजणी. कोण निवडून आले, कोण पडले, कोणाची गणिते चुकली, याची चर्चा नाक्यानाक्यावर होऊन गेली आहे. त्या चर्चेत मी भर घालणार नाही. मला बोलायचे आहे ते मतदानाच्या आधीच्या सहा-आठ महिन्यांविषयी, म्हणजे ज्या काळात प्रभागांच्या रेषा आखल्या जातात, मतदार यादी फोडली जाते, आरक्षणाची सोडत निघते, केंद्रे ठरतात, यंत्रे तपासली जातात आणि शिक्षकांच्या हाती निवडणूक कामाचे आदेश पडतात. वर्तमानपत्रात या सगळ्याची बातमी आतल्या पानावर, एका कॉलमात येते. माझे म्हणणे असे की, निवडणूक न्याय्य होणार की नाही याचा निम्म्याहून अधिक निकाल या काळातच लागतो. आणि महाराष्ट्रात ही तयारी ज्या राज्य निवडणूक आयोगाच्या नावाने होते, त्याच्याजवळ तयारीचे एकही प्रमुख साधन स्वतःचे नाही. यादी दुसऱ्याची, माणसे दुसऱ्याची, प्रभागांचा आराखडा दुसऱ्याने केलेला, आणि लोकसंख्येचा आकडा तर पंधरा वर्षांपूर्वीचा. आयोग स्वतंत्र आहे, पण त्याचा संसार उसनवारीवर चालतो.

हे बोलायला पनवेलइतके योग्य गाव नाही. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यानुसार एखाद्या गावाला नगरपालिका हवी असेल तर तिथल्या रहिवाशांनी तशी मागणी करावी लागे. तो कायदा होऊन दोन वर्षे होताच, १८५२ साली, पनवेलची नगरपालिका स्थापन झाली. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा, म्हणजे त्याच्याही तीस वर्षे आधी पनवेलमध्ये नगरपालिका होती. तेव्हाचे सभासद नेमलेले असत, निवडलेले नव्हेत, हे मान्य. तरीही दीडशे वर्षांहून जुन्या या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या गावात १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका आली. नगरपालिकेचे जुने शहर, सिडकोने वसवलेले खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, आणि त्यांच्या आसपासची २९ गावे मिळून राज्याची सत्ताविसावी महानगरपालिका झाली. २४ मे २०१७ ला पहिली निवडणूक झाली, १० जुलै २०१७ ला पहिल्या महापौर निवडल्या गेल्या, आणि पाच वर्षे संपताच जुलै २०२२ मध्ये कारभार प्रशासकाकडे गेला. तो साडेतीन वर्षे तिथेच राहिला. पहिल्या सभागृहाला पाच वर्षे मिळाली आणि लगोलग साडेतीन वर्षे सभागृहच नाही. आपल्या शेजारच्या नवी मुंबईची स्थिती याहून वाईट होती. तिथल्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्येच संपली होती.

राज्यघटनेने असे होऊ द्यायचे नव्हते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे अनुच्छेद २४३-यू मध्ये लिहून ठेवले. मतदार याद्या तयार करण्याचे आणि निवडणुका घेण्याचे अधीक्षण, संचालन आणि नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवले. यादी ‘तयार करणे’ हेसुद्धा त्यात आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. २००६ साली अहमदाबाद महापालिकेच्या किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आणखी स्पष्ट केले की, मुदतीत निवडणूक घेणे हे आयोगाचे घटनात्मक कर्तव्य आहे, राज्य सरकार सहकार्य देत नसेल तर आयोगाने न्यायालयाचे दार ठोठावावे, आणि प्रभागरचना किंवा यादी तयार नाही ही सबब चालणार नाही. कागदावर यापेक्षा भक्कम व्यवस्था मागणे कठीण. मग पनवेलला साडेतीन वर्षे का थांबावे लागले आणि अखेर निवडणूक झाली ती कशाच्या जोरावर, हे पाहण्यासाठी तयारीचा एकेक टप्पा उघडून बघावा लागतो.

पहिला टप्पा सदस्यसंख्येचा आणि प्रभागांचा. पनवेलला ७८ नगरसेवक का, ७० किंवा ९० का नाहीत, असा प्रश्न फार लोकांना पडत नाही. महापालिका अधिनियमाचे सूत्र असे: लोकसंख्या ३ लाखांहून अधिक आणि ६ लाखांपर्यंत असेल तर किमान ६५ सदस्य, आणि ३ लाखांच्या वर प्रत्येक १५ हजारांमागे एक वाढीव. २०११ च्या जनगणनेनुसार या महापालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या ५,०९,९०१. त्यातून ३ लाख वजा करा, उरलेल्याला १५ हजारांनी भागा. भागाकार तेरा येतो आणि चौदाव्याला ९९ माणसे कमी पडतात. ६५ अधिक १३, म्हणून ७८. त्या वर्षी प्रगणकांनी आणखी ९९ माणसे मोजली असती तर शहराला एक नगरसेवक जास्त मिळाला असता. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. सूत्र इतके काटेकोर आहे आणि त्यात घातलेला आकडा इतका जुना आहे, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात यासाठी सांगतो आहे.

सदस्यसंख्या ठरली की प्रभाग आखतात. पनवेलमध्ये २० प्रभाग आहेत आणि बहुतेक चार सदस्यांचे. ५,०९,९०१ ला ७८ ने भागले की एका सदस्यामागे साडेसहा हजार आणि चार सदस्यांच्या प्रभागामागे सुमारे २६ हजार लोकसंख्या येते. यात दहा टक्के कमी-जास्त चालते. रेषा उत्तरेकडून आखायला सुरुवात करायची, ईशान्येकडून पूर्वेला सरकत शेवटी दक्षिणेला यायचे, हमरस्ते, रेल्वेमार्ग, नद्या-नाले यांना सीमा मानायचे, आणि जनगणनेचा प्रगणक गट शक्यतो फोडायचा नाही, असे नियम आहेत. नियम चांगले आहेत. सोयीप्रमाणे वस्त्या उचलून इकडेतिकडे टाकणाऱ्याचा हात त्यामुळे थोडा तरी बांधला जातो. पण प्रगणक गट म्हणजे २०११ साली एका प्रगणकाच्या वाट्याला आलेली घरे. त्यानंतर खारघरच्या पुढच्या सेक्टरांत, तळोजे पाचनंद परिसरात, रोडपालीकडे केवढी वस्ती वाढली, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. २०११ मध्ये जिथे मोकळे भूखंड होते तिथे टॉवर उभे आहेत, सिडकोच्या सोडतीतल्या घरांत कुटुंबे राहायला आली आहेत. या सगळ्यांना मत आहे, पण प्रभागाच्या हिशेबात ती माणसे नाहीत. उलट जुन्या पनवेलच्या पेठेतले प्रगणक गट आहेत तिथेच आहेत. परिणाम असा की कागदावर सगळे प्रभाग दहा टक्क्यांच्या आत समान, आणि प्रत्यक्षात वाढत्या भागातल्या मतदाराच्या मताचे वजन जुन्या भागातल्या मतदारापेक्षा कमी. कोणी लबाडी केली नाही, कोणी नियम मोडला नाही. तरी मत समान राहिले नाही.

यावर उत्तर दिले जाते की २०२१ ची जनगणनाच झाली नाही, त्याला आयोग काय करणार? बरोबर आहे. जनगणना केंद्राची जबाबदारी. पण मग निदान जो आकडा हाताशी आहे त्याची मदत घेण्याची मुभा तरी आयोगाला हवी. प्रत्येक प्रभागात मतदार किती, हे यादी फोडल्यावर आयोगाला नेमके कळते. दोन प्रभागांतल्या मतदारसंख्येत मोठी तफावत दिसत असेल तर सीमा पुन्हा तपासा, असे सांगण्याचा अधिकार त्याला असावा. आज क्रमच उलटा आहे: आधी प्रभाग अंतिम, मग यादी. तफावत उघड होते तेव्हा रेषा पक्क्या झालेल्या असतात.

आणि रेषा आखतो कोण? महापालिका आयुक्त, नगरविकास विभागाच्या आदेशाने. आराखडा त्या विभागाच्या हातून आयोगाकडे मान्यतेसाठी जातो, हरकती-सूचना होतात, सुनावणी होते. पूर्वी ही प्रक्रिया आयोगाच्या अखत्यारीत चालत असे. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून प्रभागरचनेचा अधिकार राज्य सरकारकडे घेतला. तेव्हा महाविकास आघाडीचे सरकार होते आणि विरोधी बाकांवरून त्याला फारसा विरोध झाला नाही. इतर मागासवर्गाचे आरक्षण तेव्हा न्यायालयाच्या निकालाने अडले होते, आणि त्याशिवाय निवडणुका होऊ नयेत यावर सगळ्यांचेच एकमत होते. त्याआधी त्याच सरकारने सदस्यसंख्या वाढवून तीन सदस्यांचे प्रभाग आणले होते. त्याप्रमाणे आराखडे झाले, नकाशे छापले गेले, हरकती मागवल्या गेल्या. सरकार बदलल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने ते मोडीत काढून २०१७ ची सदस्यसंख्या परत आणली. म्हणजे महापालिकांच्या कर्मचाऱ्यांनी केलेली कित्येक महिन्यांची तयारी कचऱ्यात गेली. यात कोणता पक्ष शहाणा आणि कोणता लबाड हे ठरवायची गरज नाही. ज्याला निवडणूक लढवायची आहे त्याच्याच हाती मैदानाची आखणी असेल तर प्रत्येक नवे सरकार ती आपल्या सोयीने बदलून बघणार. त्यात आश्चर्य कसले? लोकसभा आणि विधानसभेच्या मतदारसंघांची पुनर्रचना निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालचा परिसीमन आयोग करतो आणि त्याच्या निर्णयाला न्यायालयातही सहसा आव्हान देता येत नाही. खासदाराच्या मतदारसंघाला जे संरक्षण मिळते ते नगरसेवकाच्या प्रभागाला का नको?

काहीजण म्हणतील, शहराची माहिती आयुक्तांनाच असते. कुठला नाला कुठे वळतो, कुठला उड्डाणपूल कुठे उतरतो, हे मुंबईत बसलेल्या आयोगाला काय ठाऊक? हा आक्षेप रास्त आहे, पण तो नकाशा कोणी काढावा याविषयी आहे. मान्यता देणारा आणि बदल सुचवणारा कोण असावा याविषयी नाही. केरळमध्ये स्थानिक संस्थांच्या पुनर्रचनेसाठी परिसीमन आयोग नेमतात आणि त्याचे अध्यक्ष राज्य निवडणूक आयुक्तच असतात. बाकीचे सदस्य सरकारी अधिकारीच, तेव्हा तो काही सोवळा आदर्श नव्हे. तिथेही सत्ताधाऱ्यांवर आरोप होतात. पण सूत्रे निवडणूक घेणाऱ्याच्या हाती राहतात. केरळच्या स्थानिक निवडणुका २०२० मध्ये करोनाच्या ऐन काळात, डिसेंबरात, महिनाभराच्या विलंबाने पार पडल्या आणि पुढच्या पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. केरळची माणसे काही वेगळ्या मातीची नाहीत.

आता मतदार यादीकडे येतो. या विषयाचा गाभा इथे आहे.

राज्यघटनेने यादी तयार करण्याचे अधीक्षण राज्य आयोगाकडे दिले, पण महापालिका अधिनियमाने मार्ग सोपा केला: विधानसभेची यादी घ्यायची आणि ती प्रभागांत वाटायची. २०२६ च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी धरण्यात आली. पनवेल हा विधानसभेचा १८८ क्रमांकाचा मतदारसंघ. मतदार सहा लाखांहून अधिक, राज्यातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांत त्याची गणना होते. या यादीचे शेकडो भाग असतात. एका यादीभागातले काही मतदार एका प्रभागात, काही दुसऱ्या प्रभागात आणि काही महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या गावांत असू शकतात. कर्मचारी यादीभाग समोर ठेवून, नकाशा बघत, इमारत-इमारत करत प्रत्येक नाव कुठल्या प्रभागात टाकायचे ते ठरवतात. सिडकोच्या वसाहतीत हे तुलनेने सोपे: सेक्टर, भूखंड, सोसायटी, सदनिका असा पत्ता असतो. गावठाणात एकाच घर क्रमांकाखाली अनेक बिऱ्हाडे, कुठे पत्त्याच्या जागी फक्त गावाचे नाव. त्यातच एकाच नावाच्या दोन सोसायट्या दोन सेक्टरांत. एक ओळ चुकली की अख्खी इमारत शेजारच्या प्रभागात जाते, आणि चारशे मतदार आपल्या केंद्रावर जाऊन ‘तुमचे नाव इथे नाही’ हे ऐकून परत फिरतात. हे काम करणारे लोक बहुतेक वेळा कर विभागातले किंवा आस्थापनेतले लिपिक असतात. आपले रोजचे काम सांभाळून, रात्री उशिरापर्यंत थांबून ते करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

अडचण त्यांच्या चुकांची नाही. राज्य आयोगाला या यादीत नाव घालता येत नाही आणि काढताही येत नाही. नाव चुकीच्या प्रभागात गेले असेल, विधानसभेच्या यादीत असून प्रभागाच्या यादीत आले नसेल, लेखनिकाची चूक असेल, एवढेच दुरुस्त करता येते. माणूस मेला असेल, गाव सोडून गेला असेल, एकाच माणसाची दोन ठिकाणी नावे असतील, तर यादी ज्यांची आहे त्या भारत निवडणूक आयोगाकडे बोट दाखवायचे. पनवेलमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या आधी शेतकरी कामगार पक्षाने या मतदारसंघात ८५ हजारांहून अधिक दुबार नावे असल्याचा दावा केला. काही नावे पनवेलमध्येच दोनदा, काही पनवेल आणि उरण अशा दोन्ही ठिकाणी, काही बेलापूर-ऐरोलीत. हा एका पक्षाचा दावा आहे, त्यातली सगळी नावे खरोखर एकाच माणसाची आहेत असे धरून चालता येत नाही, नामसाधर्म्य असतेच. पण हे शहर नोकरीसाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आहे. नवी मुंबईत भाड्याने राहून पनवेलमध्ये घर घेतलेले, गावाकडे नाव ठेवून खारघरला दुसरे नाव लावलेले लोक इथे असणारच. दुबार नाव म्हणजे दरवेळी कट नसतो, बरेचदा नुसता आळस असतो. मतमोजणीवर मात्र दोन्हींचा परिणाम सारखाच होऊ शकतो.

यावर राज्य आयोगाने २०२५ मध्ये जो उपाय काढला तो त्याच्या हतबलतेचा उत्तम नमुना आहे. संगणकाने शोधलेल्या संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापायचे. अधिकाऱ्याने त्या मतदाराकडे जाऊन तुम्ही कुठल्या केंद्रावर मत देणार ते विचारायचे. उत्तर मिळाले नाही तर मतदानाच्या दिवशी त्याच्याकडून दुसरीकडे मतदान केले नाही आणि करणार नाही असे हमीपत्र घ्यायचे. उपाय वाईट नाही. अधिकारांच्या मर्यादेत याहून अधिक काही करता आले नसते. पण ज्या आयोगावर राज्यघटनेने यादी तयार करण्याची जबाबदारी टाकली, त्याला दुबार नाव दिसते, ते छापावे लागते, आणि त्यापुढे तारे काढून थांबावे लागते. त्यात प्रारूप यादी २० नोव्हेंबरला आली, हरकतींची मुदत वाढवून ३ डिसेंबरपर्यंत नेली, अंतिम यादी १५ डिसेंबरला. त्याच दिवशी निवडणुकीची घोषणा आणि आचारसंहिता. सहा लाखांच्या मतदारसंघाची यादी तपासायला नागरिकांना दोन आठवडे मिळाले.

मग स्वतंत्र यादीच का करू नये? केरळचा राज्य आयोग स्थानिक निवडणुकांसाठी वेगळी यादी ठेवतो. पण महाराष्ट्रात मी हा मार्ग सुचवणार नाही. दोन याद्या म्हणजे दुप्पट खर्च, दुप्पट कर्मचारी, आणि एका यादीत नाव आहे पण दुसरीत नाही अशा मतदारांचा नवा गोंधळ. ज्या राज्यात एका यादीसाठी पुरेसे शिक्षक मिळत नाहीत तिथे दुसरी यादी म्हणजे दुसरी डोकेदुखी. यादी एकच असावी, पण तीत दुरुस्तीचा मर्यादित अधिकार राज्य आयोगाला असावा: मृत, स्थलांतरित आणि दुबार नावांबाबत नोटीस देऊन, सुनावणी घेऊन, लेखी कारण नोंदवून महापालिका निवडणुकीपुरते नाव वगळण्याचा. वगळलेल्या माणसाला अपील हवे, आणि ते मतदानाच्या आधी निकालात निघाले पाहिजे. असा अधिकार हातात आला की गैरवापर होईल, विरोधकांची नावे वेचून काढली जातील, ही भीती खरी आहे आणि ती हलक्यावर घेता कामा नये. म्हणूनच अधिकार मोघम ठेवून चालणार नाही, आणि वगळलेल्या नावांची प्रभागवार यादी कारणासह जाहीर झाली पाहिजे. आज मात्र ज्याची यादी त्याला निवडणूक घ्यायची नाही, आणि ज्याला निवडणूक घ्यायची त्याची यादी नाही.

आरक्षणाच्या सोडतीवर फार बोलत नाही, कारण तयारीचा हा एक टप्पा लोकांसमोर, उघड्यावर होतो आणि त्यामुळेच त्याविषयी तक्रारी कमी असतात. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्यभर महापालिकांची सोडत निघाली. ७८ पैकी निम्म्या, म्हणजे ३९ जागा महिलांच्या. इतर मागासवर्गाचा वाटा २७ टक्क्यांच्या हिशेबाने २१. चिठ्ठी सगळ्यांदेखत काढली जाते आणि तिथल्या तिथे फळ्यावर लिहिली जाते. इच्छुकांची तोंडे पाहण्यासारखी होतात ते वेगळे.

यंत्रे आणि माणसे हा शेवटचा टप्पा. चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला चार मते द्यायची असतात. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी. चारही जागांसाठी बटण दाबेपर्यंत मतदान पूर्ण होत नाही, कोणी नको असेल तर ‘वरीलपैकी एकही नाही’ दाबावे लागते. विधानसभेला एक बटण दाबून बाहेर पडण्याची सवय लागलेला मतदार इथे अडखळतो, रांग लांबते, केंद्राध्यक्षाला पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते. दिलेले मत कागदी चिठ्ठीवर दाखवणारे व्हीव्हीपॅट नाही, कारण बहुसदस्यीय पद्धतीत ते तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही असे आयोगाने सांगितले. म्हणजे प्रभागपद्धती कोणती असावी, हा सरकारने घेतलेला निर्णय. तिच्यामुळे मतदाराला मिळणारी खातरजमा कमी होते, आणि जाब आयोगाला द्यावा लागतो. शाईचे मात्र वेगळे. मतदानाच्या दिवशी मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत मार्कर पेनाची शाई पुसली जाते अशा तक्रारी आल्या. २०११ पासून मार्कर पेनच वापरले जात आहे, असा खुलासा आयोगाने केला. पंधरा वर्षे वापर होता, तर पंधरा वर्षांत कधीतरी त्याची जाहीर चाचणी व्हायला हवी होती. ही गोष्ट आयोगाच्या स्वतःच्या हातात होती, इथे उसनवारीची सबब चालणार नाही.

माणसांचा मुद्दा तुम्हाला ठाऊकच आहे. निवडणूक निर्णय अधिकारी महसूल खात्यातले उपजिल्हाधिकारी, केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी शिक्षक, बँकांतले व सरकारी कार्यालयांतले कर्मचारी, क्षेत्रीय अधिकारी महापालिकेचे अभियंते. राज्यघटनेनेच अशी योजना केली आहे: आयोगाने मागणी करावी आणि राज्यपालांनी लागेल तेवढा कर्मचारीवर्ग द्यावा. कायमस्वरूपी फौज बाळगणे परवडणारे नाही, हे मान्य. पण प्रत्येक महापालिकेत निवडणूक शाखा नावाचे एखादे टेबल ठेवण्याऐवजी चार-पाच प्रशिक्षित माणसांचा कायम कक्ष, आयोगाला उत्तरदायी असलेला, का असू नये? यादीभाग आणि प्रभाग यांची सांगड पाच वर्षे अद्ययावत ठेवणे, नवी इमारत झाली की ती नोंदवणे, हे काम वर्षभर थोडे थोडे केले तर शेवटच्या महिन्यातली धांदल अर्ध्यावर येईल.

यावर सर्वांत मोठा आक्षेप असा घेतला जातो की उशीर तयारीमुळे झालाच नाही. तो इतर मागासवर्गाच्या आरक्षणामुळे झाला. मार्च २०२१ च्या विकास किशनराव गवळी खटल्यातल्या निकालाने या आरक्षणासाठी तिहेरी चाचणी लावली, मग ती पूर्ण करण्यासाठी नेमलेला बांठिया आयोग, मग त्यावर वाद, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून राहिले. हे खरे आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. ६ मे २०२५ ला न्यायालयाने बांठिया आयोगाच्या अहवालापूर्वीच्या स्थितीप्रमाणे आरक्षण ठेवून चार महिन्यांत निवडणुका घ्या, असा आदेश दिला. चार महिन्यांत निवडणुका झाल्या का? नाहीत. १६ सप्टेंबरला आयोग पुन्हा न्यायालयापुढे उभा होता, आणि कारणे होती यंत्रांचा तुटवडा, कर्मचाऱ्यांची कमतरता, प्रभागरचना अपुरी, परीक्षा. न्यायालयाने त्यांवर नाराजी दाखवून ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घातली. म्हणजे आरक्षणाचा अडसर दूर झाल्यावरही आठ महिने लागले, आणि ते सगळे तयारीत गेले. जी तयारी मुदत संपण्याआधीच पूर्ण असायला हवी होती ती मुदत संपून तीन वर्षे झाली तरी अपुरी होती. करोनाचे कारणही पुढे केले जाते. पण याच राज्यात, याच आयोगाने, १५ जानेवारी २०२१ रोजी करोनाच्या सावटाखाली चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान घेतले. गावांसाठी जे जमले ते शहरांसाठी पाच वर्षांनी, त्याच तारखेला जमले.

लोकच उदासीन आहेत, यादी बघायला कोणी येत नाही, मग यंत्रणेला का बोल लावता, असेही ऐकू येते. प्रारूप यादी पाहायला नागरिक येत नाहीत, हे खरे. पण ज्या शहरात साडेतीन वर्षे नगरसेवक नव्हता, मालमत्ता कराचा वाद असो की पाण्याचा प्रश्न, अर्ज घेऊन आयुक्तांच्या दालनाबाहेर थांबावे लागत होते, त्या शहराला निवडणुकीची सवय कशी लागणार? नियमित निवडणूक ही नागरिकांची शाळा असते आणि ती साडेतीन वर्षे बंद होती.

आता पुढचे. २०२७ ची जनगणना अधिसूचित झाली आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. तिचे आकडे आल्यावर पनवेल ६ लाखांच्या वर जाणार यात शंका नाही, आणि मग सूत्रच बदलेल: किमान ८५ सदस्य, आणि ६ लाखांच्या वर प्रत्येक २० हजारांमागे एक. म्हणजे प्रत्येक प्रभागाची रेषा नव्याने आखावी लागेल. ती कोणी आखायची, यादीतून दुबार नाव कोणी काढायचे, महापालिकेतला कायम कक्ष कोणाला उत्तरदायी राहायचा, या तीन गोष्टींसाठी राज्यघटना बदलावी लागत नाही. प्रभागरचनेचा अधिकार आयोगाला परत देण्यासाठी २०२२ ची दुरुस्ती मागे घेतली की पुरे. उरलेल्या दोन्हींसाठी महापालिका अधिनियमातली काही कलमे पुरतील. तुमच्या आमदारांना, नव्याने निवडून आलेल्या ७८ नगरसेवकांना आणि त्यांच्या पक्षांना हे आतापासून विचारा, निवडणूक जवळ आल्यावर नको. कारण या सभागृहाची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपते, आणि त्या निवडणुकीची तयारी कायद्याप्रमाणे २०३० मध्येच पूर्ण झालेली असली पाहिजे.